मिश्र बागेसाठी रबराचा कोणता क्लोन निवडावा? पैदास नेमकी कोणत्या गुणांसाठी झाली आहे?

दोडामार्गकर (प्रश्न)

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमची तीन एकर वरकस जमीन आहे. तिच्या एका कडेला जुने काजू आहेत आणि बांधावर आईन, किंजळ, कोकम अशी झाडे आहेत. ती तोडायची नाहीत, हे घरात ठरलेले आहे. उरलेल्या भागात रबर लावावे असे वाटते, कारण काजूचे उत्पन्न दोन-तीन महिन्यांत संपते आणि रबराचा चीक वर्षातले बरेच महिने हाताशी थोडा पैसा ठेवतो. पण भोवतालच्या डोंगरउतारांवर दिसते तशी, रबराशिवाय दुसरे काहीच नसलेली लागवड मला करायची नाही. ओळींमध्ये पहिली काही वर्षे अननस आणि केळी, नंतर जायफळ व कोकम, आणि जमल्यास मिरी, अशी बाग मनात आहे.

रोपवाटिकेत विचारले की आरआरआयआय १०५, आरआरआयआय ४३० आणि आरआरआयएम ६०० ही क्लोनांची (एकाच निवडक झाडापासून कलमाने वाढवलेल्या वाणांची) नावे ऐकायला मिळतात. प्रत्येकाबद्दल "हेक्टरी इतके किलो" एवढेच सांगितले जाते. मला जाणून घ्यायचे आहे ते वेगळे आहे. इतर झाडांच्या सोबतीने वाढावे, खाली थोडे ऊन जाऊ द्यावे, रोज चीक काढला नाही तरी परवडावे, अशा हेतूने रबराची पैदास कुठे झाली आहे का? नसेल, तर उपलब्ध क्लोनांतून निवड करताना काय पाहावे? शिवाय शेजाऱ्याच्या मळ्यात बिया मुबलक पडतात. त्या रुजवून रोपे केली तर ती मिश्र बागेत अधिक काटक ठरतील, असे काही जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

बीज-अभ्यासक

तुमचा प्रश्न रबराच्या पैदासशास्त्राच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे शिफारस झालेल्या क्लोनांची पारख एकपिकी लागवडीत झाली आहे. चाचणीचे क्षेत्र मोकळे, झाडांमधील अंतर ठरावीक, ओळींमधले तण वेळेवर काढलेले किंवा जमिनीवर पुएरारियासारखे द्विदल आच्छादन पीक, आणि खते शिफारशीप्रमाणे दिलेली. अशा ठिकाणी जो क्लोन सर्वांत जास्त चीक देतो, तो पुढच्या पायरीवर जातो. शेजारच्या झाडाशी पाण्यासाठी स्पर्धा करून तो किती टिकतो, तणात त्याच्या खोडाचा घेर वाढणे किती मंदावते, त्याच्या छत्रीखाली किती उजेड पोचतो, हे गुण निवडीच्या वेळी मुख्य निकष नव्हते. त्यामुळे कोणत्याही क्लोनच्या जाहीर उत्पन्नाचा आकडा तुमच्या बागेला जसाच्या तसा लावता येणार नाही.

नवा क्लोन पटकन तयार का होत नाही, हेही समजून घ्यावे लागेल. रबराचा फुलोरा हाताने परागीत केला, तर शंभरातल्या पाचांनासुद्धा फळ धरत नाही. जी मोजकी संकरित रोपे हाती येतात, त्यांची आधी रोपवाटिकेत, मग छोट्या चाचणीत, मग मोठ्या चाचणीत आणि शेवटी शेतकऱ्यांच्या मळ्यांत पारख होते. रोपवाटिकेनंतरच्या प्रत्येक टप्प्यावर झाड टॅपिंगला (सालीला खाप घेऊन चीक काढण्याला) येईपर्यंत थांबावे लागते. कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेने (आरआरआयआय) १९५४ मध्ये ज्या संकरमालेला सुरुवात केली, तिच्यातून निघालेला आरआरआयआय १०५ हा क्लोन शेतकऱ्यांच्या हाती पडला १९८० मध्ये. 'टीजिर १' आणि 'जीएल १' हे त्याचे पालक. पुढे त्याच १०५चा श्रीलंकेच्या 'आरआरआयसी १००' शी संकर करून ४०० मालिका तयार झाली. तिच्यातले ४१४ आणि ४३० आज मळ्यांतून दिसतात. एका पिढीला अशी वीस-पंचवीस वर्षे जातात, त्यामुळे पैदासकाराने आज निवडलेला निकष एका माणसाच्या अर्ध्या आयुष्यानंतर फळाला येतो. मिश्र बागेचा विचार निवडीच्या आरंभीच व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

दुसरी अडचण जनुकीय पायाची आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलच्या तापाजोस नदीच्या खोऱ्यातून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतल्या जेमतेम २,७०० रुजल्या आणि त्यांतली रोपे श्रीलंका व सिंगापूरला गेली. आशियातील बहुतेक सगळे रबर या मूठभर वंशातून आलेले आहे, आणि त्यातही पुढे पुन्हा पुन्हा त्याच थोड्या उत्तम झाडांचे आपसांत संकर झाले. हा पाया रुंद करण्यासाठी आंतरराष्ट्रीय रबर संशोधन मंडळाने १९८१ मध्ये ब्राझीलच्या आक्रे, रोन्दोनिया आणि मातो ग्रोसो या राज्यांतून ६०,०००हून अधिक बिया गोळा केल्या. त्यांचा एक हिस्सा मलेशियामार्गे भारतातही आला. या रानटी झाडांचा चीक कमी आहे, परंतु वाढीचा जोम, कोरडेपणा सोसण्याची ताकद आणि पानांच्या रोगांना प्रतिकार हे गुण त्यांत विखुरलेले आहेत. मिश्र बागेला लागणारे गुण शोधायचे असतील तर ते तिथेच शोधावे लागतील, असे माझे मत आहे. चीक वाढवण्याच्या शर्यतीत विकहॅमच्या वंशाने खूप काही दिले. सोबतीने वाढण्याचा गुण मात्र त्या शर्यतीत कोणी मोजलाच नाही.

बियांविषयी. शेजाऱ्याचा मळा एकाच क्लोनचा असेल, तर तिथल्या पुष्कळशा बिया त्याच क्लोनच्या स्वपरागणातून आलेल्या असतात आणि अशी रोपे बहुधा कमजोर निघतात. त्या बियांचा खुंट करून त्यावर डोळा भरणे योग्य, पण थेट लावणे नको. वेगवेगळ्या निवडक क्लोनांच्या बियाणे-बागेतून येणाऱ्या बहुक्लोनी रोपांची गोष्ट निराळी आहे. ती खडतर जागी खरोखर काटक असतात, मात्र प्रत्येक झाडाचा चीक वेगवेगळा येतो. बियांपासून वाढलेल्या, निवड न केलेल्या झाडांकडून वर्षाला हेक्टरी ५०० किलोच्या आसपास सुके रबर मिळते. चांगल्या क्लोनकडून त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक मिळू शकते. तीन एकरांत निम्मी जागा इतर झाडांना देणाऱ्याला हा फरक सोसवणार नाही.

बोगोरहून

मी मूळचा सांगलीचा. काही वर्षांपासून इंडोनेशियात मृदाशास्त्राचे काम करतो. वरील प्रतिसादाला इथला अनुभव जोडावासा वाटतो, कारण "रबर आणि रान एकत्र" ही पद्धत इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळलेली आहे.

सुमात्रातील जांबी आणि बोर्निओतील पश्चिम कालिमंतान या भागांत शेतकरी फिरत्या शेतीत भाताबरोबर रबराच्या बिया लावत आणि भात काढून झाला की जमीन रानाच्या स्वाधीन करत. रबर, दुरियान, रांबुतान, वेत, इमारती लाकडाची झाडे सगळी एकत्र वाढत. या "रान-रबरा"त पक्षी आणि वनस्पती यांची विविधता एकपिकी मळ्यापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि घरखर्चाला फळे व लाकूडही मिळते. उणीव एकच, तीही मोठी: चिकाचे उत्पन्न हेक्टरी ४०० ते ६०० किलोच राहते. त्यामुळे पामतेलाचा भाव वर गेला की शेतकरी हे रान तोडून पाम लावतो. रान वाचवायचे असेल तर त्यातल्या रबराचे उत्पन्न वाढले पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला.

१९९४ पासून जागतिक कृषिवानिकी केंद्र, फ्रान्सची 'सिराद' ही संस्था आणि इंडोनेशियाची रबर संशोधन संस्था यांनी शेतकऱ्यांच्याच जमिनीवर चाचण्या घेतल्या. त्यांतली पहिली पद्धत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रान-रबरासारखीच लागवड, पण बियांच्या रोपांऐवजी पीबी २६०, आरआरआयसी १००, बीपीएम १ आणि आरआरआयएम ६०० यांची कलमे. तण काढायचे ते फक्त रबराच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना मीटरभर, आणि मधल्या पट्ट्यात रान मोकळे वाढू द्यायचे. मळ्यांच्या मोकळ्या जागेसाठी निवडलेले हे क्लोन रानाच्या स्पर्धेत मरून जातील अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात जोमदार वाढीच्या क्लोनांनी ही स्पर्धा बऱ्यापैकी पेलली. पहिली दोन-तीन वर्षे ओळीतले तण वेळेवर काढले आणि रानडुकरांपासून व माकडांपासून रोपे राखली, तर रान मधल्या पट्ट्यात वाढत असतानाही झाडे टॅपिंगला आली. यातून निघालेला धडा असा की सुरुवातीच्या वाढीचा जोम हाच मिश्र बागेतील क्लोनचा पहिला गुण आहे. पुढचा चीक नंतर पाहायचा.

दुसऱ्या पद्धतीत हेक्टरी सुमारे ५५० रबराच्या झाडांमध्ये पहिली वर्षे भात आणि इतर हंगामी पिके, आणि त्यांच्या जोडीला फळझाडे व इमारती झाडे होती. तुमच्या मनातली बाग हिच्या जवळची आहे. त्या चाचण्यांमध्ये हंगामी पिकाला दिलेले खत आणि मशागत रबरालाही लागू पडली, हे मुद्दाम नोंदवतो. तुमच्या अननसाची निगा हीच पहिल्या तीन वर्षांत रबराची निगा ठरेल.

बियांच्या प्रश्नावर एक भर. इथे 'जीटी १' या क्लोनची बी पुष्कळ वापरली जात असे. त्याची नर फुले वंध्य असल्याने त्याच्या झाडावरची प्रत्येक बी परपरागणाचीच असते, म्हणून स्वपरागणाचा दोष तिच्यात येत नाही. तरीही उत्पन्नात तिची रोपे कलमांची बरोबरी करत नाहीत.

मीनाक्षी_कृषी

मांडणीबद्दल थोडेसे. क्लोनच्या निवडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व झाडांच्या अंतराला आहे. रबर मंडळाच्या शिफारशीतले ६.७ × ३.४ मीटर अंतर घेतले की हेक्टरी ४४० च्या आसपास झाडे बसतात, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी छत मिटून खाली जवळजवळ सावलीच राहते. मग जायफळ तग धरते, पण कोकमाला फळ कमी लागते.

चीनमध्ये उष्णकटिबंधीय कृषी अकादमीने या अडचणीवर पैदास आणि मांडणी या दोहोंचा एकत्र उपाय काढला. 'रेयान ७-२०-५९' हा त्यांचा क्लोन सरळ उभा वाढतो आणि त्याची छत्री आटोपशीर असते. तो दोन-दोन ओळींच्या जोडीने लावतात: जोडीतल्या ओळींमध्ये ४ मीटर, ओळीत झाडांमध्ये २ मीटर, आणि दोन जोड्यांमध्ये तब्बल २० मीटरची मोकळी पट्टी. हेक्टरी झाडे सुमारे ४१६ राहतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या लागवडीपेक्षा फार कमी नाहीत, आणि मधल्या पट्टीत रबराच्या पूर्ण आयुष्यभर दुसरे पीक घेता येते. छत्रीचा आकार हा निकष धरून निवडलेल्या रबराचे मला माहीत असलेले हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. हा क्लोन तुम्हाला मिळणार नाही, पण जोड-ओळींची मांडणी तुम्ही आपल्या क्लोनांबरोबरही करू शकता. पट्टी २० मीटरची नसली तरी १२-१४ मीटरची ठेवा, आणि ओळी शक्यतो पूर्व-पश्चिम घ्या. जमीन उताराची असेल तर मात्र दिशेपेक्षा समपातळी रेषेला मान द्या.

कांजिरपल्ली ते बांदा

माझे बालपण केरळात गेले आणि आता बांद्याजवळ आमचा मळा आहे, त्यामुळे दोन्हीकडचा पाऊस पाहिलेला आहे. दोडामार्गच्या हवामानाचा विचार केल्याशिवाय क्लोनचे नाव सांगणे योग्य होणार नाही.

तुमच्याकडे पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि त्यानंतर नोव्हेंबर ते मे जमीन कोरडी पडते. रबराला या दोन्ही टोकांचा त्रास आहे. ओल्या महिन्यांत फायटोफ्थोरा बुरशीमुळे पानगळ होते आणि फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी रोग येतो. कोरड्या महिन्यांत घेर वाढत नाही आणि चीक आटतो. आरआरआयएम ६०० थायलंडमध्ये आणि आपल्या ईशान्य भारतात उत्तम चालतो, पण फायटोफ्थोराच्या पानगळीला तो फार लवकर बळी पडतो. पावसाळ्यापूर्वी ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी न करता त्याला सह्याद्रीच्या पायथ्याशी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मिश्र बागेत उंच झाडांवर फवारणी करणे अधिकच अवघड, कारण खाली कोकम आणि जायफळ असते. आरआरआयआय १०५ या पानगळीला बऱ्यापैकी तोंड देतो, मात्र गुलाबी रोग त्याला लागतो, कर्नाटकात कोरिनेस्पोरा बुरशीच्या पानगळीने त्याला ग्रासले होते, आणि एक दिवसाआड टॅपिंग केले की त्याची साल कोरडी पडण्याचे (सालीतून चीक येणे थांबण्याचे) प्रमाण वाढते. टॅपिंग सुरू झाल्यावर त्याचा घेरही मंद वाढतो. ४३० या सगळ्यांत मला समतोल वाटतो: कोरिनेस्पोराला १०५ पेक्षा कमी बळी पडतो आणि कोरडेपणाही तुलनेने सोसतो.

कोरडेपणावरचे आपल्याच राज्यातले काम आवर्जून सांगण्यासारखे आहे. पालघर जिल्ह्यात दापचरी येथे भारतीय रबर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथला उन्हाळा दोडामार्गपेक्षा पुष्कळ कडक. तिथल्या चाचण्यांत उन्हाळी पाणी दिलेली झाडे बिनपाण्याच्या झाडांपेक्षा काही वर्षे आधी टॅपिंगला आली. तुमच्याकडे विहीर असेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे केळीला दिलेले पाणी रबरालाही पोचेल अशी आखणी करा.

मिरीबद्दल एक सावधगिरी. मिरीचा वेल रबराच्या खोडावर चढवू नका. त्याच सालीवर टॅपिंग होते आणि वेलामुळे साल दिसतही नाही व ओलीही राहते. मिरीसाठी पांगारा किंवा ग्लिरिसिडियाचे वेगळे आधार लावा, किंवा बांधावरचा तुमचा आईन वापरा.

बीज-अभ्यासक

वरील प्रतिसादातल्या रोगांच्या मुद्द्याला मी अधिक वजन देईन. झाडे मिसळली की रोग आपोआप कमी होतो, असे समजणे धोक्याचे आहे. रोग कोणता आणि सोबतीचे झाड कोणते, यावर ते ठरते. अमेझॉनच्या जंगलात रबराची झाडे विरळ असतात, म्हणून तिथला दक्षिण अमेरिकी पानकरपा फार पसरत नाही. हीच झाडे मोटारउद्योजक हेन्री फोर्ड यांनी १९२८ नंतर ब्राझीलमधल्या आपल्या फोर्डलँडिया मळ्यात दाटीने लावली आणि करप्याने ती लागवड मोडून काढली. उलट फायटोफ्थोराची एक जात रबर आणि कोको दोघांनाही धरते, म्हणून कोकोची सोबत त्या रोगाला अधिक खाद्य देऊ शकते. तुम्ही कोको निवडलेला नाही, ते या दृष्टीने बरे आहे.

ब्राझीलच्या बाहिया राज्यात मिशेलिन ही टायर कंपनी आणि सिराद यांनी पानकरप्याला प्रतिकार करणारे क्लोन शोधण्याचे काम वर्षानुवर्षे केले, आणि तिथल्या मळ्याच्या जमिनीवर असे रबर, कोको आणि केळी एकत्र लावण्याची योजनाही राबवली. रोगप्रतिकारक पैदास आणि मिश्र लागवड एकमेकींच्या आधाराने पुढे जाऊ शकतात, याचे ते उदाहरण आहे. आपल्याकडे करपा अजून पोचलेला नाही. तो आलाच, तर एकाच क्लोनने व्यापलेल्या डोंगरांचे काय होईल याची मला खरोखर चिंता वाटते.

दोडामार्गकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बियांचा विचार मी सोडून दिला आहे. दोन शंका उरल्या. एक, एकाच क्लोनऐवजी दोन-तीन क्लोन मिसळून लावले तर रोगाचा धोका वाटून जाईल का? आणि दुसरी, आमच्याकडे मजूर मिळत नाहीत. आठवड्यातून दोनदाच टॅपिंग करणे शक्य आहे. ते कोणत्या क्लोनला मानवेल?

कांजिरपल्ली ते बांदा

क्लोन मिसळा, पण झाडागणिक मिसळू नका. एका झाडाचा घेर ५० सेंटिमीटर झालेला आणि शेजारच्याचा अजून ४० असेल, तर टॅपिंग सुरू करायचे कधी, हा प्रश्न पडतो. जोमदार क्लोन शेजाऱ्याला झाकून टाकतो ते वेगळेच. जोड-ओळीगणिक क्लोन बदला: दोन जोड्या ४३० च्या, एक जोडी ४१४ ची, एक १०५ ची. जोडीतल्या सुमारे ७० टक्के झाडांचा घेर कलमाच्या जोडापासून १२५ सेंटिमीटर उंचीवर ५० सेंटिमीटर झाला की त्या जोडीचे टॅपिंग सुरू करा. कलमे प्रमाणित रोपवाटिकेतूनच घ्या आणि नाव लिहिलेली पावती जपून ठेवा. आमच्या परिसरात एका रोपवाटिकेतून ४३० म्हणून आलेली रोपे पाचव्या वर्षी पानांच्या ठेवणीवरून भलतीच निघाली होती.

बीज-अभ्यासक

विरळ टॅपिंगबद्दल: आठवड्यातून दोनदा, किंवा अगदी एकदा टॅपिंग करून इथेफॉन या चीक वाढवणाऱ्या उत्तेजकाचा नियंत्रित वापर केला, तर मजुरी वाचते, साल जास्त वर्षे पुरते आणि वर्षाचे उत्पन्न फारसे घटत नाही. याला सर्व क्लोन सारखा प्रतिसाद देत नाहीत. पीबी २१७ आणि जीटी १ यांसारख्या, चीक सावकाश किंवा मध्यम गतीने बनवणाऱ्या क्लोनांना उत्तेजक मानवते. पीबी २६० किंवा पीबी २३५ सारख्यांना त्याची फार गरज नसते, आणि अति वापर केला तर त्यांची साल कोरडी पडते. १०५ लाही विरळ टॅपिंगच अधिक मानवते. मला विचाराल तर मिश्र बागेच्या पैदासीत हा निकष चिकाच्या एकूण किलोंच्या वर ठेवायला हवा, कारण बागायतदाराचा वेळ कोकम, काजू आणि अननसातही वाटलेला असतो.

मीनाक्षी_कृषी

लागवडीआधी एक गोष्ट. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातलेली आहे. तुम्ही झाडे राखणारच आहात, तरी साफसफाई करताना झुडपांच्या पलीकडे काही तोडावे लागणार असेल, तर आधी वनविभागाकडे चौकशी करा. आणि कोकमाची कलमे घेताना मादी झाडाचीच घ्या. रबर साधारण जानेवारीत पाने गाळते, त्याच सुमारास कोकमाला फुलोरा असतो. त्या काळात मिळणारे ऊन वाया जाऊ द्यायचे नसेल, तर कोकम जोड-ओळींपासून किमान ४ मीटर दूर, पट्टीच्या मधोमध लावा, आणि जायफळ ओळींच्या जवळच्या सावलीत.